टोचनच्या जीपमधून दिसलेला हात

आधीच सांगून ठेवतो, मला भुताखेतांच्या गोष्टी सांगायची हौस नाही. उलट अशा गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली. आमच्या बापानं दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव-बिव सगळे नदीत सोडून दिले, आणि मी तर त्याच्याही पुढचा. गॅरेजमध्ये होतो तेव्हा दुरुस्तीला आलेल्या ट्रकच्या बंपरवरचं ताजं लिंबू काढून मी दुपारच्या वरणावर पिळायचो. ड्रायव्हर लोक कानाला हात लावायचे. मी म्हणायचो, "नजर लागलीच तर माह्या वरणाले लागीन, तुमाले काय?"

तर असा मी. तरीही लिहायला बसलो, कारण माझा मोठा भाऊ — आम्ही त्याला दादा म्हणायचो — गेल्या वर्षी गेला. जायच्या आधी त्यानं मला एक गोष्ट सांगितली. ती एकट्यानं पोटात ठेवणं काही जमेना...

गोष्ट चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरची. उन्हाळा लागत होता. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही अकोल्यातले. राहायला शेलूबाजारला. दादा दुसऱ्यांचे ट्रक चालवून चालवून कंटाळला होता, म्हणून त्यानं लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप घेतली होती. चारही चाकं ओढणारी! पावसाळ्यात ज्या पांदणीत, म्हणजे शेताकडच्या कच्च्या वाटेत, बैलगाडी आसापर्यंत रुतायची, तिथून ही बया गुरगुरत निघायची. आडरानातल्या खेड्यांत मीठ, ढेप, चहा-साखर पोचवायची आणि येताना धान्य आणायचं, असा दादाचा धंदा. पण पेट्रोलचे भाव भडकले आणि सगळं गणित फिसकटलं. दादा म्हणायचा, "हे जीप नाई बे मिल्या, दारुडा जवाई आहे. घरात ठेवता येत नाई अन् हाकलताबी येत नाई."

मग त्याच्या डोक्यात आलं की एक जुना डिझेलचा ट्रक घ्यायचा. पक्क्या सडकेवर माल ट्रकमध्ये आणि जीप मागे टोचन करून न्यायची, म्हणजे दोर बांधून ओढत. पांदण लागली की जीप सोडायची. पोहरादेवीच्या यात्रेच्या आत ट्रक दारात पाहिजे होता, कारण वर्षाची अर्धी कमाई तिथंच व्हायची. वहिनीला तिसरा महिना होता. दादानं दुसऱ्याची नोकरी सोडलेली. ट्रक मिळाला नसता तर पुन्हा कोणाच्या तरी स्टेअरिंगवर बसायची पाळी होती, आणि दादा मानी माणूस.

आम्ही दोन ट्रक हेरले. एक कामरगावचा. त्याचं थोबाड चेपलेलं, रंग उडालेला, आणि मालक असा की भाव कमी करा म्हटलं की तोंड फिरवून बसायचा. दुसरा आमच्याच गावाबाहेर, एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात उभा होता. त्याचा मालक गोल चेहऱ्याचा, हसरा, आल्या-आल्या चहा सांगणारा. आणि भाव? कामरगाववाल्याच्या जवळजवळ निम्मा.

मी मेकॅनिक, म्हणून तपासायचं काम माझं. ऑइल बोटांवर चोळून पाहिलं, स्प्रिंगचे पाटे मोजले, खाली आडवा होऊन चेसिसला कुठं वेल्डिंग आहे का ते नखानं खरवडून पाहिलं. इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू झालं! खोट काढायची म्हटलं तरी सापडेना. फक्त एक होतं. ट्रक जिनिंगच्या भिंतीला इतका चिकटवून लावलेला की डाव्या बाजूला उंदीरही शिरला नसता. मी म्हटलं, जरा पुढं घ्या, डावी बाजू पाहू. मालक हसला. "उजवी पाह्यली ना भाऊ? डावी तशीच आहे. दोन बाजूले दोन ट्रक थोडीच जोडले मी!"

आम्हीही हसलो. निम्म्या भावात माणूस अर्धा आंधळा होतोच.

दादा म्हणाला, टोचन लावून पाहू, ओढतो की नाही ते कळेल. जीपची टाकी कोरडी ठक्क होती. बैलजोडी लावून जीप आणली, विहिरीचा जाड नाडा दोन पदरी करून बांधला. आता खरं म्हणजे ट्रायलला मालक सोबत बसतोच. आपला ट्रक घेऊन कोणी पळालं तर? हा मात्र म्हणाला, "घेऊन जा, इश्वास आहे," आणि चहाच्या टपरीवर जाऊन बसला. तेव्हा मला त्याचा मोठेपणा वाटला.

दादा ट्रकवर, मी जीपच्या स्टेअरिंगवर. ज्यांनी टोचनची गाडी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगतो — मागच्याचं काम सोपं नसतं. नाडा सतत ताणलेला ठेवायचा असतो. उतारावर हलका ब्रेक धरायचा, नाहीतर जीप पुढच्या ट्रकच्या बुडात घुसते. समोर ट्रकची पाठ, त्यामुळे पुढचं काहीच दिसत नाही. म्हणून ट्रकचा किन्नर, म्हणजे क्लीनर, डाव्या खिडकीतून हात बाहेर काढून इशारे देतो. पंजा खाली दाबला की हळू. मूठ वर केली की थांब. हात आपल्याकडे ओढला की ब्रेक सोड. मागच्यानं डोकं चालवायचं नाही, हात सांगेल ते करायचं. हा नियम मी स्वतः दहा पोरांना शिकवला होता.

आम्ही मंगरूळच्या सडकेला लागलो. भर दुपार, ऊन मी म्हणत होतं. थोडं पुढं गेलो आणि डावीकडून हात बाहेर आला. खाकी बाही, मनगटापर्यंत बटण लावलेली. पंजा खाली दाबला... हळू. मी ब्रेक धरला, ट्रक हळू झाला, बाजूनं कडब्याची गाडी गेली. मला वाटलं, चला, मालकानं आपला किन्नर दिला वाटतं. बरं झालं. पुन्हा हात आला, पुन्हा बरोबर. वळण आलं, हात आला. इतका चोख किन्नर मी पाहिला नव्हता. मी अगदी निर्धास्त झालो.

मग नाल्याच्या पुलाचा उतार लागला. मी ब्रेकवर पाय ठेवून होतो. तर हात आला आणि आपल्याकडे ओढल्यासारखा हलला — सोड. मला नवल वाटलं, उतारावर कसा सोडायचा? पण नियम म्हणजे नियम! मी पाय उचलला. नाडा सैल पडून सडकेवर लोळायला लागला. ट्रकचा मागचा फाळका जवळ यायला लागला, आणि हात हलतच होता. ये... ये... ये. घाई नाही, काही नाही, जेवायला बोलवावं तसा. तेवढ्यात ट्रकचे ब्रेक करकचले. पुढं बकऱ्या आडव्या आल्या होत्या. मी स्टेअरिंग डावीकडं ओढलं, जीप सडकेखाली बाभळीत घुसली, नाड्याला हिसका बसला आणि माझं कपाळ काचेवर आपटलं. वीतभर... वीतभर अंतरानं फाळक्याचा कोपरा माझ्या डोक्यापासून चुकला.

दादा धावत आला. मला ओढून बाहेर काढलं, हातपाय चाचपले आणि मग शिव्या सुरू केल्या. "अबे लेका, उतारावर ब्रेक काहून सोडला? मराचं होतं काय?"

"मी सोडला? तुहा किन्नर बोलावून राह्यला होता ना! पूस त्याले!"

"कोनता किन्नर?"

"थो खाकीवाला. डाव्या खिडकीतला."

दादानं ट्रकच्या केबिनकडं वळून पाहिलं. म्हणाला, "मिल्या, मी एकटाच आहो."

मी तरातरा ट्रकच्या डाव्या बाजूला गेलो. म्हटलं, लपला असेल, उतरून पळाला असेल, कानफटात देतो. आणि तिथंच माझे पाय थांबले. डाव्या दाराला खिडकी नव्हती. काचेच्या जागी जाड पत्रा, चारही बाजूंनी रिपिटा, म्हणजे रिव्हेट, मारलेला. रिपिटांवर गंज चढून गंजाचे ओघळ खालपर्यंत आलेले. वर्षानुवर्षं बंद असणार. बोट घालायला फट नव्हती, हात कुठून निघणार? ही बाजू भिंतीला चिकटवलेली होती. बाहेरून आम्ही ती पाहिलीच नव्हती, आणि आतून तिथं पोतं टांगलेलं होतं, ते ऊन अडवायला असेल असं आम्हाला वाटलं होतं.

खोटं कशाला बोलू, मला लघवीला झालं.

दादाला सगळं सांगितलं. तो आधी घाबरला, मग चिडला, मग हसला. "लिंबू वरनावर पिळणारा तू, अन् तुले हात दिसला? ऊन लागलं तुले. चाल, आता तू ट्रकवर बस, मी जीपमधी बसतो. मलेबी पाहू दे तुहा किन्नर." मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "मंग काय यात्रा सोडून देऊ? तुह्या वयनीले काय सांगू, हात दिसला म्हनून ट्रक सोडला?"

मी ट्रकवर चढलो.

त्या दिवशी माझ्या अंगात वहिनीनं शिवलेला शर्ट होता. पडद्याच्या उरलेल्या कापडाचा, हिरव्या-पिवळ्या मोठ्या चौकड्यांचा. अख्ख्या शेलूबाजारात तसला शर्ट दुसरा नव्हता, आणि असता तर कोणी घातला नसता. हे ध्यानात ठेवा.

जीप बाभळीतून ओढून काढली, ट्रक वळवला आणि परत निघालो. मी डावीकडं पाहायचं नाही असं ठरवलं होतं. दोन्ही हात स्टेअरिंगवर घट्ट, डोळे सडकेवर. पण कान कसे बंद करणार? डाव्या कानाला वारा लागत होता. उघड्या खिडकीतून लागतो तसा, गरम, भरारा. डावीकडं पत्रा ठोकलेला आहे हे मी आत्ताच पाहून आलो होतो, आणि वारा माझे केस उडवत होता! शेजारच्या शिटची स्प्रिंग वाजली. कुणी बाहेर वाकावं आणि पुन्हा टेकून बसावं, तशी. मी तोंडातल्या तोंडात बापाचं नाव घ्यायला लागलो, दुसरं कोणाचं घेणार? घरात देव तर ठेवला नव्हता.

तेवढ्यात मागून जीपचा हॉर्न. एकदा नाही, सारखा, लागोपाठ, थांबायचं नाव नाही. मी ट्रक बाजूला घेऊन थांबवला. दार उघडायच्या आत दादानंच बाहेरून उघडलं. त्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, आमची माय गेली तेव्हाही नाही.

"उतर! पह्यले खाली उतर!"

उतरलो. त्यानं माझ्या शर्टाला हात घातला. "काढ हा."

"काहून?"

"काढ म्हन्लं ना बे!" बटणं तुटली. शर्ट त्यानं गोळा करून बाजूच्या वावरात फेकला, नाडा कापला, ट्रक-जीप दोन्ही तिथंच सोडलं आणि माझं मनगट धरून मला गावापर्यंत चालवत आणलं. मी बनियनवर. लोक पाहत होते. पूर्ण रस्ता त्यानं मनगट सोडलं नाही.

टपरीवर मालकाच्या पुढ्यात किल्ली ठेवली. त्यानं काय झालं, काहून नाही घेत, भाव कमी करू का... काहीच विचारलं नाही. आमच्या दोघांकडं पाहिलं आणि म्हणाला, "दोघंबी आले ना? बरं झालं."

दादानं कामरगावचा चेपक्या थोबाडाचा ट्रक घेतला. ऐपतीच्या बाहेर जाऊन घेतला. यात्रा झाली, धंदा झाला, वहिनीला मुलगा झाला. जिनिंगमधला ट्रक पावसाळ्याच्या आत कुठं गेला, कोणी नेला, मला माहीत नाही. मी त्या वाटेनं गेलोच नाही.

दादाला एक खोड मात्र लागली. त्यानं मला आयुष्यात पुन्हा कधी डाव्या शिटवर बसू दिलं नाही. ट्रक असो, जीप असो, पुढं पुतण्याची कार असो. "मिल्या, मांगं बस." गाडीत जागा नसली तर मला मागं फाळक्यात बसवायचा, पोत्यांवर. माझ्या लग्नात नवरदेव असून मी मागं! कितीदा भांडलो मी त्याच्याशी. "काय पाह्यलं होतं ते सांग नाई तं बसू दे पुढं." तो बोटानं मागची जागा दाखवायचा. एकदा तर मी सहा महिने त्याच्याशी बोललो नाही, इतका राग आला होता.

गेल्या वर्षी त्याचं जेवण सुटलं. एका दुपारी मी उशाशी बसलो होतो, वहिनी आत होती. आपणहून म्हणाला, "मिल्या, त्या दिवशी हात मलेबी दिसला."

मी म्हटलं, "माहीत आहे. खाकी बाही."

त्यानं मान हलवली. "नाई. बाही तुह्या शर्टाची होती. हिरव्या-पिवळ्या चौकड्याची."

मी त्याच्या जवळ सरकलो. म्हटलं, "दादा... माहे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते."

"माहीत आहे मले. केबिनच्या मांगच्या जाळीतून दिसून राह्यले होते." त्यानं उशीवरचं डोकं माझ्याकडं वळवलं. "अन् थो हात मले बोलवत नव्हता रे. येष्टी सुटली की आपन हालवतो ना खिडकीतून... तसा हालून राह्यला होता."

आणि त्यानं माझं मनगट धरलं. ताकद नव्हती, पण धरलं. तसंच, त्या दिवशी धरलं होतं तसं.

यामागं काय होतं, मला अजूनही सांगता येत नाही. ऊन म्हणा, भास म्हणा. पण दोन माणसांना दोन वेगळ्या बाह्या कशा दिसतील? तुमच्यात कोणी जाणकार असेल तर सांगा, मी ऐकून घेईन. पूर्वीसारखी टर उडवणार नाही.

दादाला पोचवून आम्ही परत निघालो तेव्हा पुतण्यानं कारचं पुढचं दार उघडलं. म्हणाला, "काका, आता तरी पुढं बसा. आता कोन अडवते तुमाले?"

मी मागं जाऊन बसलो.