सोफ्यावरचा आगळाचा डाग

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवासमोर उभी राहिले आणि हे मनात आलं, तर घाईघाईने नमस्कार आटपून बाहेर पडले. आता तुम्हाला सांगायला बसलेय तर हात गार पडलेत. इतक्या वर्षांनी! हसू नका — मी मुळातच भित्री.

आधी बाटलीचं सांगते. ते त्यातल्या त्यात सोपं आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. लग्नाला वर्ष झालेलं, नवरा आखातात नोकरीला आणि मी रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला सासूबाईंजवळ. ह्यांना तिकडे बढती मिळाली आणि कंपनीने मला न्यायला बिझनेस क्लासचं तिकीट धाडलं. मी तोवर एसटीशिवाय कशातही बसलेली नव्हते. शेजारच्या डॉक्टरांकडे ह्यांचा ट्रंककॉल आला. म्हणाले, विमान सुटेपर्यंत तुला लाउंजमध्ये बसवतील, तिथे सगळी वरच्या वर्गाची माणसं असतात, तेव्हा नीट वाग. आणि लोणचं, सुकट, आगळ — काही म्हणजे काही आणायचं नाही. माझी शोभा करू नकोस.

पण हे सासूबाईंना कोण सांगणार? आमच्याकडे माणूस परमुलखात निघालं आणि त्याच्या पिशवीत आगळाची बाटली नाही, असं होतच नाही. कोकमाचा मीठ घालून मुरवलेला लालभडक रस तो. "माझ्या पोराला साराशिवाय भात उतरत नाय," म्हणाल्या, आणि सरबताच्या जुन्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून, बूच ठोकून, वर फडकं बांधून ती माझ्या हातात दिली. त्यांना नाही म्हणायची माझी छाती नव्हती. नवऱ्याला कळवायचीही नव्हती. मग काय — खांद्याच्या पिशवीत, शालीखाली लपवली. उभी मावेना, म्हणून आडवी घातली.

बुचाची बाटली आडवी! आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा असं करणार नाही. पण घाबरलेल्या माणसाला कसली अक्कल?

मुंबईच्या विमानतळावर दीर दारापर्यंत आले आणि तिथून मी एकटी. काउंटरवरच्या मुलीने लाउंजचं कार्ड हातात ठेवलं आणि एका काचेच्या दाराकडे बोट दाखवलं. ते दार ढकलायचं की ओढायचं, इथपासून माझी तयारी. आत पाऊल बुडेल असा गालिचा, मलईच्या रंगाचे सोफे, आणि गारठा असा की दात वाजावेत. कोटवाले पुरुष सिगरेटी ओढत इंग्रजी पेपर वाचत होते. वाट्या भरभरून खारे काजू मांडलेले आणि त्याला कुणी हात लावत नव्हतं. काजू हो! आमच्या बायकांचे हात बिया फोडून फोडून काळे पडतात. मी भिंतीला चिकटून उभी. आता कुणीतरी येणार आणि विचारणार — बाई, तुमचं इथे काय काम? कार्ड इतकं घट्ट धरलेलं की घामाने मऊ पडलं.

आली ती सुलू. लाउंजमधल्या बायकांची एकसारखी साडी, हातात ट्रे. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाली, "घाबरलाव काय वयनी? आपल्याकडच्या दिसताव."

मला रडूच फुटलं. ती राजापूरची. तिने कोपराला धरून मला कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसवलं. चहा आणला. कपातली ती चहाची पुडी मी फाडायला निघाले होते, तर तिने माझ्या हातातून काढून घेऊन बुडवून दाखवली — कुणाला दिसणार नाही अशी आडवी उभी राहून. संडास कुठे, कडी कशी लागते, सगळं सांगितलं. "विमानाची वेळ झाली की मीच येईन बोलवायला. हितं कोण बोंबलत नाय." जाता जाता एवढंही बोलली की अजून ती टेंपररी आहे, साहेब ह्या महिन्याच्या अखेरीला कायम करणार आहेत. मग आयेला मुंबईला आणायचं. म्हातारीने बाजारात उन्हात बसणं आता पुरे झालं, म्हणाली. हे सांगताना किती आनंदात होती! मला म्हणजे कोण कुठली मी, आणि मला सांगत होती.

आता पुढचं.

पिशवी मी शेजारी सोफ्यावरच ठेवली होती. एवढ्या स्वच्छ गालिच्यावर ठेवायची लाज वाटली, म्हणून. आधी वास आला. घरचा, ओळखीचा वास — क्षणभर बरंसुद्धा वाटलं बघा. मग मांडीखाली ओल लागली. खाली बघते तर मलईच्या सोफ्यावर तळहाताएवढा लाल डाग, आणि तो पसरतोय. रक्त सांडावं तसा. माझी साडी डाळिंबी होती, डाग तिच्यात जिरून गेला. इकडे तिकडे पाहिलं. कुणाचंच लक्ष नव्हतं. बाटली शालीत गुंडाळून उभी केली, पिशवी उचलली, पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसले आणि एक इंग्रजी मासिक तोंडासमोर धरलं. उलटं होतं की सुलटं, देव जाणे.

साहेबाला डाग दिसला. तो काही राक्षस नव्हता, त्यालाही त्याच्या वरच्याची भीती असणार. वाकून त्याने वास घेतला आणि सुलूला हाक मारली. सुलूने कधीतरी तिथल्या लोकांसाठी सोलकढी करून आणली होती, म्हणून त्याला वास ठाऊक. असलं काही त्या खोलीत दुसरं कोण आणणार? कोटवाले आणणार? नोकरांनी सोफ्यावर बसायचं नाही, आत खायचं नाही, असा नियम. तो आवाज न चढवता बोलत होता, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती.

"मी नाही सांडलं साहेब," सुलू म्हणाली. तेवढंच.

तिला माहीत नव्हतं का? तिनेच तर मला तिथे बसवलेलं. आमच्याकडचं माणूस पिशवीत आगळ घेऊनच निघतं, हे त्या खोलीत आम्हा दोघींनाच ठाऊक. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. बोट नाही दाखवलं, नाव नाही घेतलं. नुसतं पाहिलं — जशी काही वाट बघत होती.

आणि मी गप्प राहिले.

हे असंच मी स्वतःला सांगत आले. गप्प राहिले, घाबरले होते, झालं. पण ते खोटं आहे. आत्ता हे तुम्हाला सांगतानाही मी खोटंच सांगून सुटायला बघत होते — बघितलंत ना?

मी गप्प नाही राहिले. साहेब माझ्याजवळ आला, अगदी अदबीने वाकून हिंदीत विचारलं, मॅडम, तुम्ही काही पाहिलंत का? मॅडम! जन्मात पहिल्यांदा मला कुणी मॅडम म्हटलं. आणि मी म्हणाले, मी तिकडे बसलेच नव्हते. ही बाई बसली होती तिथे, डबा घेऊन.

डबा. डब्याचं कुणी विचारलं होतं का? त्याने नाही, कुणीच नाही. तो डबा मी माझ्या मनाने तिच्या हातात दिला. खोटं खरं वाटावं म्हणून जे लागतं ते मला त्या क्षणी बरोबर सुचलं. एरवी मला चार माणसांत धड नाव सांगता येत नाही.

मी कुणाला भ्यायले होते? साहेबाला? नवऱ्याला? लाउंजमधून हाकलतील, विमानातून उतरवतील, सगळे कोटवाले वळून बघतील — हो, हे सगळं. पण अधिकाऱ्याची बायको होते मी, तिकीट पक्कं होतं. मला फार तर 'असू दे मॅडम' म्हणाले असते. हे मला तेव्हासुद्धा कळत होतं.

विमानाची वेळ झाली तेव्हा बोलवायला दुसरीच आली.

तिकडे पोचले तेव्हा बाटलीत अर्धं आगळ उरलं होतं. "आणू नको म्हटलं तरी आणलीसच ना!" म्हणत ह्यांनी दोन वाट्या सार ओरपलं. मी वाढत राहिले.

दोन वर्षांनी रजेवर रत्नागिरीला आलो. राजापूरला नात्यात लग्न होतं. सासूबाई म्हणाल्या, आगळ तिकडूनच घेऊया. बाजारात एका म्हातारीसमोर त्या बसल्या, आणि म्हातारीच्या मागे बुचं लावत बसलेली सुलू. मी सासूबाईंच्या पाठीआड सरकले. आता ही बोलणार. सासूबाईंसमोर, भर बाजारात.

म्हातारी गप्पिष्ट. "ही माझी पोर विमानतळावर व्हती हो नोकरीला. तिथला गारठा सोसला नाय, आली सोडून."

सासूबाईंना तर उधाणच आलं. "आमची सून पण तिथनंच गेली की परदेशी! काय गो, हिला बघितलंवतंस काय तिथे?"

मी सुलूकडे पाहिलं नाही. "नाही," म्हणाले.

"कसं बघतील, आजी?" सुलू म्हणाली. "तिथं कितीतरी माणसं येतात."

मग तिने एक बाटली वेगळी काढली. बूच दाबून बसवलं, मेणबत्ती पेटवली आणि बुचावर सगळीकडून मेण गाळलं. फुंकर घालून सुकवलं, बोटाने चाचपून पाहिलं. बाटली सासूबाईंना न देता माझ्यापुढे धरली.

"घ्या वयनी. ही आडवी ठेवलात तरी गळायची नाय."

मी घेतली. सासूबाई उठता उठता म्हणाल्या, पोर गुणाची आहे हो. मी 'हो' म्हटलं.

रत्नागिरीपर्यंत एसटीत ती बाटली मी मांडीवर दोन्ही हातांनी उभीच धरून आणली.