मातीची नाडी

फोन आला तेव्हा मी डाळ मोजत होतो. सकाळचे साडेसहा, दुकान नुकतंच उघडलेलं. देवळीतल्या आमच्या किराणा दुकानात फोन तराजूच्या शेजारीच आहे, त्यामुळे लग्नाचं बोलावणं असो की मरणाची बातमी, मी ती एका हातात वजन धरूनच ऐकतो. पलीकडून माझी मोठी बहीण एवढंच म्हणाली, "आपली शुभी गेली रे..." मी "बरं" म्हणालो. फोन ठेवला, डाळीची पुडी बांधली, गिऱ्हाइकाच्या हातात दिली. तो म्हणाला, "दादा, मी तं साखर मांगली होती." आणि मग मला रडू फुटलं. बिचारा म्हणे, "राहू द्या, डाळ बी चालते."

शुभी म्हणजे शुभांगी, या बहिणीची मुलगी, माझी भाची. नागपूरच्या एका कॉलेजात मातीवर संशोधन करायची. चाळिशीही गाठली नव्हती तिनं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. एका उन्हाळ्यात ती आमच्याकडे आली आणि शेताच्या धुऱ्यावर, बांधावर पेटवलेल्या पऱ्हाट्यांकडे बघत म्हणाली, "मामा, ह्या पऱ्हाट्या जाळून काऊन टाकता?" कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या त्या काड्या. म्हटलं, "मंग काय हार घालू त्याइले?" ती हसली नाही. पुढच्या खेपेस झाकणाचा ड्रम घेऊन आली. काड्या त्यात कोंडून त्यांचा कोळसा करायचा, शेणात मुरवायचा, मातीत कालवायचा. तशी माती पाणी जास्त दिवस धरते, असं तिचं म्हणणं. झाकण उघडायची घाई मी केली आणि माझ्या भुवया गेल्या. पुढे महिनाभर मी दुकानात कायम आश्चर्य वाटल्यासारखा दिसायचो.

म्हणणं सिद्ध करायचं तर मोजमाप हवं. तिनं माझ्या वावरात सहा नळ्या पुरल्या, तीन कोळशाच्या तुकड्यात, तीन साध्या. प्रत्येकीत पाणी, खाली भाजलेल्या मातीची पाझरणारी बोंडी, वर घड्याळासारखा काटा. माती सुकत गेली की काटा चढायचा. मी त्याला मातीची नाडी म्हणायला लागलो आणि तो शब्द घरात रूढ झाला. रोज सकाळी सात वाजता जाऊन सहा आकडे वहीत लिहायचे, हे काम माझ्याकडे. वही देताना तिनं बजावलं होतं, "सात म्हणजे सातच, मामा. अन् एखांद्या दिवशी जाणं नाई झालं तं रकाना रिकामा सोडजा. अंदाजानं भरू नोका. रिकामा रकाना बी खराच असते."

मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून हुशार.

तिसऱ्या वर्षी तिनं एका आंतरराष्ट्रीय पारितोषिकासाठी अर्ज केला. पर्यावरण टिकवण्याचं काम करणाऱ्या तरुण शास्त्रज्ञांसाठीचं होतं ते. अटी दोन. वय पस्तिशीच्या आत आणि सलग तीन वर्षांच्या नोंदी. शुभीला चौतीस पुरी झाली होती, म्हणजे संधी ही एकच. शेवटच्या यादीत तिचं नाव आलं आणि मी दुकानात येईल त्याला सांगत सुटलो. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कोयश्याले बक्षीस देऊन राह्यले?" म्हटलं, "आमच्या कोयश्याले!"

परीक्षकांनी मूळ नोंदींची नक्कल मागवली. ती उतरवून घ्यायला शुभी घरी आली. पानं उलटता उलटता तिचा हात थांबला. पाच ओळींवरून तिनं बोट फिरवलं.

"मामा, ह्या पाच दिवशी तुमी वावरात गेलते?"

"गेलतो ना."

"चौथा काटा पाह्यला?"

"पाह्यला. लिवला हाय ना तिथं."

"मामा, तो काटा बैलाच्या पायानं फुटला होता. मी काढून नागपूरले नेला. पाची दिवस माह्या टेबलावर होता तो." मग तिनं वर पाहिलं. "तुमी कोणाची नाडी पाह्यली?"

मी त्या पाच दिवसांत गिरडच्या दर्ग्यावर होतो. मित्राचा नवस होता. एका दिवसासाठी गेलो आणि रमलो. परत आल्यावर दुकानात बसून तीस आकडे लिहिले, चांगले चढते, कुठे थोडे उतरते, खऱ्यासारखे. बायकोनं फक्त एवढंच सांगितलं होतं की शुभी दोनदा येऊन चहा पिऊन गेली. एकदा काटा न्यायला, एकदा परत बसवायला, हे मला आता कळलं. मी म्हटलं, "अवं, पाच दिवसानं काय होते? तिथल्या साहेबायले काय मालूम आपला काटा कुठं होता?"

"बाकीचे खरे हायेत?"

"देवाशपथ खरे हायेत."

"माहा भरोसा हाय," ती म्हणाली. "पण आता मी लोकायले कसं म्हणू, का भरोसा ठेवा?"

तिनं परीक्षकांना सगळं कळवलं आणि त्या अख्ख्या वर्षाच्या नोंदी स्वतःच मागे घेतल्या. नाव यादीतून गेलं. पुढच्या वर्षी वय गेलं. पत्रात माझं नाव नव्हतं, "नोंदीत माझ्याकडून चूक झाली" असं लिहिलं होतं. हे मला बहिणीकडून कळलं, फार उशिरा. शुभी त्या दिवशी निघताना वही माझ्या हातात परत देऊन एवढंच म्हणाली, "उद्या सात वाजता." माझ्यावर ती ओरडली असती तर मी निदान रुसून तरी बसलो असतो.

गेल्या महिन्यात नागपूरच्या दवाखान्यात तिला भेटलो. रक्ताच्या आजारानं मनगट काडीसारखं झालेलं. मी ते हातात घेतलं तर म्हणते कशी, "मामा, आज सातची नाडी पाह्यली का?"

"नाई. आज इथं हाय ना मी. रिकामी सोडली."

ती हसली. पऱ्हाट्यांच्या त्या हारापासून मी तिला हसवायला बघत होतो, आणि हसली ती यावर.

मी अजून सात वाजता वावरात जातो. काटे आता चारच उरलेत. परवा बायको म्हणाली, "आता कोणासाठी लिवता हो?" मी वही उघडली. शुभी गेली त्याच्या आदल्या दिवशी पहिल्या काट्यापुढे बावीस आहेत. नागपूरहून सगळं आटोपून मी परतलो त्या दिवशी सव्वीस. मधले तीन दिवस किती असतील ते मी दुकानात बसून सांगू शकतो, हात बसलाय माझा.

ते तीन रकाने रिकामे आहेत.