चाचांची चौदावी

जगातल्या यच्चयावत भांडणांना चंद्र जबाबदार आहे असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमका तोच आमचा घरमालक निघाला. बेगमपुऱ्यात त्यांच्या घराच्या माडीवर आई आणि मी कितीतरी वर्षं भाड्यानं राहिलो. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणे. एस.टी. स्टँडवर कंट्रोलर म्हणून नोकरी झालेली, त्यामुळे आवाज असा की चाचींकडे मीठ मागितलं तरी फर्दापूरची गाडी फलाटाला लागल्यासारखं वाटायचं. राग आवाजाला शोभेल असाच. मात्र तो आपला आहे हे त्यांना मुळीच कबूल नव्हतं. चंद्र भरत आला की माणसाच्या अंगातलं पाणी चढतं आणि पाणी चढलं की डोकं फिरतं, असं त्यांचं शास्त्र. औरंगाबादेत समुद्रच नाही तर भरती कुठून येणार, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "समुंदर नाय म्हणून काय झालं बेटा? सकाळपासून तांब्याभर पाणी पिला ना तू? ते कुठं गेलं?"  

यावर त्यांचा इलाज होता रोजा. चांद्र महिन्याच्या तेराव्या, चौदाव्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे ऐन भरल्या चंद्राला, पुष्कळ भाविक ऐच्छिक रोजे ठेवतात. ते पुण्यासाठी ठेवतात. चाचा पुण्यासोबत बंदोबस्तासाठीही ठेवत. त्या तीन दिवसांत हा माणूस अगदी गरीब गाय होई. कोणी भांडायला आलंच तर हात जोडून म्हणत, "आज चौदावी है, आज मेरे से बात नक्को करो. सोळावीला या, मग बघतो." एकदा शेजारचे एक गृहस्थ भिंतीच्या तंट्यासाठी खरोखरच सोळावीला हजर झाले. पण तंटा नेमका काय होता ते दोघांनाही आठवेना, तेव्हा चहा पिऊन गेले.

महिना मोजण्याची त्यांची तऱ्हाही न्यारीच. रमजान आणि ईद सगळ्यांबरोबर. बाकीचे महिने मात्र स्वतःच्या डोळ्यांनी कोर पाहिल्याशिवाय सुरू करायचे नाहीत. ढग असले की आधीचा महिना पूर्ण तीस दिवसांचा धरायचा, मग मशिदीतले लोक काही का म्हणेनात. माझी आई संकष्टीला चंद्राची वाट पाहत गच्चीत बसलेली असली की म्हणायचे, "भाभी, तुम्ही चंद्र बघून जेवता, मी चंद्र बघून उपाशी राहतो. एकाच मालकाची दोन खाती!" आई पदर तोंडाला लावून हसायची.

हे सगळं कशापायी, ते मला चाचींनी फार उशिरा सांगितलं. एकुलत्या मुलानं कॉलेज सोडून बिडकीनला टायरचं दुकान टाकलं, तेव्हा भर दस्तरखानावर, जेवता जेवता, चाचा गरजले होते, "या घरचं पाणी तुला हराम!" मुलानं हातातला गिलास खाली ठेवला आणि निघून गेला. तो दिवस चौदावीचा होता. बिडकीन म्हणजे पैठणच्या वाटेवरचं, तासाभराच्या अंतरावरचं गाव. पण नोकरी होती तोवर पैठणच्या गाडीची घोषणा तेवढी चाचा दुसऱ्याला करायला लावत.

मग मुलाला मुलगी झाली. चाचींनी निरोपावर निरोप धाडले आणि तो बाळाला घेऊन यायला तयार झाला. चाचांची घाबरगुंडी उडाली. "तेरावीच्या आत बोलाव," ते चाचींना पुन्हा पुन्हा सांगत. "चौदावीला रोजा सोडून त्याच्यासोबत जेवायला बसलो आणि माझ्या तोंडातून परत काय गेलं, तर ही पोरगी मला जन्मात दिसायची नाय." शेवटी बारावी ठरली. त्या वर्षी पावसाळाभर आभाळ फाटल्यासारखं गळत होतं, आमच्या गल्लीतून कोर कशी ती दिसलीच नव्हती. चाचा आपले महिने तीसतीस दिवसांचे धरत आले होते, त्यामुळे त्यांची तारीख खऱ्या चंद्राच्या दोन दिवस मागे पडली होती. आमच्या कॅलेंडरवर त्या दिवशी चक्क पौर्णिमा होती. आई जिन्यात चाचींना ते सांगायला गेली, तर चाचींनी ओठांवर बोट ठेवलं. "मालूम है भाभी. उनकू नक्को बोलो."

मुलगा आला. चाचा त्याच्या शेजारी बसून पोटभर जेवले. मुलगा म्हणाला, "अब्बा, दुसरं दुकान टाकतोय." आई आणि मी माडीच्या जिन्यातून वाकून बघत होतो. खालून चाचांचा आवाज आला, "जागा सडकेला लागून बघ." नंतर त्यांनी स्वतः माठातून पाणी काढून त्याला दिलं. त्यानं एका दमात गिलास रिकामा केला. चाची भांडी आवरायच्या निमित्तानं मोरीत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

संध्याकाळी मुलाला आणि नातीला पोचवायला मी पिशवी घेऊन चाचांबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. रिक्षा गेली. तेवढ्यात ढग फाकले आणि समोरच्या घरांवरून चंद्र वर आला, परातीएवढा, पुरता भरलेला. चाचा बघतच राहिले. मला आनंद आवरेना. म्हटलं, "बघा चाचा! भरला चंद्र, भरलं पोट, आणि एक शब्द वाकडा नाही! गेलं की तुमचं शास्त्र!"

ते हसले नाहीत. त्यांचा इतका हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "म्हणजे त्या दिवशी पण चंद्र नव्हता बेटा. मीच होतो."

रोजे त्यांनी पुढेही ठेवले. मुलगा येत राहिला, नात अंगणात धावू लागली, सगळं छान झालं. फक्त चंद्राचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. रागाच्या भरात काही बोलून गेले की आता मागाहून स्वतः जात आणि "माझंच चुकलं" म्हणून परत येत. फार चांगली गोष्ट होती ती. पण असे ते मान खाली घालून परत येताना दिसले की मला वाईट वाटायचं. तो दोष आणखी थोडे दिवस चंद्रावर राहिला असता, तर त्याला काही जड झाला नसता.