आमच्या दुकानातला बॉबिन

विठ्ठलवाडीत आमचं ब्लाऊज शिवायचं दुकान. मी, भारती आणि सुमनताई, अशा तिघी. चिंध्या रोज झाडून टाकतो, किस्से मात्र साठतच जातात. त्यातले निम्मे आता बॉबिनचे!

बॉबिन म्हणजे माझ्या भाचीचा गिनी पिग. तिला पुण्यात नोकरी लागली आणि पिंजरा माझ्याकडे आला. घरी दिवसभर कुणी नसतं, म्हणून मी त्याला दुकानात आणलेला. सुमनताई आमच्यात सगळ्यात सीनिअर. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "कापड कुरतडलं ना, तर एक तर हा राहील नाहीतर मी!"

•

पहिले आठ दिवस मशीन सुरू झालं की हा पुठ्ठ्याच्या खोक्यात गडप. भारती म्हणाली, "अगं, आपण ह्याला पाळलाय की खोक्याला?"

त्या दिवसांत रोज जेवणाच्या सुट्टीत मी पिंजऱ्याशी बसायचे, तळहातावर सिमला मिरचीचा तुकडा घेऊन. हात अवघडून जायचा. नवव्या दिवशी तळव्याला मिशा लागल्या, आणि मिरची गायब!

"घेतली!" भारती एवढ्या जोरात ओरडली, की तो परत खोक्यात!

•

पुढे त्याचा पाला प्लास्टिकच्या पिशवीतून यायला लागला, आणि पिशवी वाजली की त्याची शिट्टी सुरू. एका बाईंनी पिशवीतून अस्तर काढलं, आणि हा पिंजऱ्याच्या जाळीला पुढचे पाय टेकून केकाटतोय! बाई घाबरल्या.

भारती शांतपणे म्हणाली, "काकू, कोथिंबीर नाही आणलीत?"

•

एकदा मी हूक लावत बसलेले. बॉबिन मांडीवर आला आणि चक्क झोपला. आता उठायचं कसं? त्या दिवशी सव्वीस ब्लाऊजचे हूक झाले!

सुमनताई म्हणाल्या, "ह्याला रोज हिच्या मांडीवर ठेवा."

•

ऐन लग्नसराईत बॉबिनने खाणं सोडलं. कल्याणच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि बजावलं, "पोट रिकामं राहिलं तर जिवावर बेतेल. थोड्या थोड्या वेळाने सिरिंजने पातळ खाणं भरवा."

मी सिरिंज पुढे केली की तो तोंड फिरवत होता. भारतीला रडू फुटलं.

"मशिनी बंद करा," सुमनताई म्हणाल्या. त्यांनी त्याला पदरात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि सिरिंज ओठांच्या कडेला लावली. एक थेंब. गिळला! दुसरा. मग तर स्वतःच सिरिंजचं टोक चावायला लागला!

तेवढ्यात दार ढकलून एका नवरीची आई आत. "उद्या हळद आहे! माझे ब्लाऊज कुठायत?"

सुमनताईंनी मानसुद्धा वर केली नाही. "शू! बाळ जेवतंय."

बाई हळूच चपला काढून स्टुलावर टेकल्या आणि कुजबुजल्या, "किती महिन्यांचं?"