मार्थामावशीने मागितलेली माफी

मार्थामावशीचा मुलगा दानियल वरठीच्या कारखान्यातून सुटला की रोज आमच्या दारावरून मोटरसायकलने जातो, थांबत मात्र नाही. त्या दिवशी थांबला. "काकू, आई गेली..." एवढंच म्हणाला. मी हातातलं सूप खाली ठेवलं आणि तशीच निघाले. याला आता पाच आठवडे झाले. मार्थामावशीबद्दल वरठीजवळच्या आमच्या शहापुरात कोणालाही विचारा, ती नर्स होती आणि अर्ध्या गावाची बाळंतपणं तिच्या हातून झाली, हेच सांगतील. माझी दोन्ही मुलं तिच्याच हातात पहिल्यांदा रडली. पण मला लिहायचं आहे ते तिच्या एका भांडणाबद्दल, कारण ते माझ्याशी झालं होतं.

आमच्या वस्तीत ख्रिस्ती घरं चारच. मावशीची ओसरी हेच त्यांचं चर्च. दोन-तीन महिन्यांतून एकदा पाळकसाहेब नागपूरहून रेल्वेने वरठीला उतरत, तिथून सायकलने येत आणि त्या दिवशी प्रभुभोजन होई. टेबलावर भाकर आणि द्राक्षरस, वर मावशीने विणलेलं पांढरं कापड. त्या मंडळीचा एक नियम होता आणि मावशी तो पोलीस ठाण्यातल्या जमादारासारखा पाळायला लावी. मनात कोणाशी वाकडं असेल तर आधी ते मिटवून यायचं, मगच भाकरीला हात लावायचा. नवरा-बायको भांडून आले असले तर ती त्यांना सरळ अंगणात पाठवी, "या मिटवून" म्हणे. आम्ही हिंदू शेजारी कुंपणावरून बघून हसायचो.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सुरू होता. तिची धानाची बांधी, म्हणजे भातखाचर, वर, आमची खाली, मधे पाणी अडवणारा मातीचा एकच बांध, आमच्या भाषेत धुरा. एका सकाळी बघते तो तिच्या नुकत्याच रोवलेल्या बांधीतलं पाणी पार उतरलेलं. रोवणाऱ्या दहा बायांसमोर ती माझ्यावर ओरडली, "शांता, तूच फोडला ना धुरा? माहं पानी चोरून राहिली!" मीही गप्प बसणारी नव्हे. "तुह्या येशूची शपथ घेऊन सांग, पाहिलं का तू मले फोडताना?" म्हणत मी चांगलंच तोंड सोडलं. धुरा मी फोडला नव्हता, हे खरंच. तो खेकड्याने पोखरला होता. पण ते भोक मी आदल्या दिवशी पाहिलं होतं. पाणी आमच्या बांधीत येतंय हेही पाहिलं होतं... आणि चिखलाचा एक गोळा न लावता पुढे निघून गेले होते. हे मी कोणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. आठवडाभर आम्हा दोघींचं बोलणं बंद होतं.

मग रविवारी पाळकसाहेब आले. तिथं काय झालं ते मला तिच्या धाकट्या दिरांनी, दाविदभाऊंनी, नंतर सांगितलं. भाकर पुढे आली आणि मावशी उठून उभी राहिली. आदल्या संध्याकाळी तिला खेकड्याचं ते भोक सापडलं होतं. "मले शांताची माफी मागाची हाय," ती म्हणाली. दाविदभाऊ वैतागले, "वहिनी, ती का आपल्या मंडळीतली हाय? अन् साहेबाले गाडी गाठाची हाय." मावशी म्हणाली, "मंडळीतली नसंल, शेजारीन तं हाय. तिच्यासंग वाकडं ठेवून मी इथं कोनत्या तोंडानं बसू?"

आम्ही बाया रोवायला वाकलेलो होतो. धुऱ्यावर इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत मावशी येऊन उभी राहिली. "बायांनो, आयका. आळ मी तुमच्यापुढं घेतला, तं माफीबी तुमच्यापुढंच मागते. धुरा खेकड्यानं पोखरला होता. शांता, माफ कर मले." मी मान वर केलीच नाही. बायांना वाटलं, मी अजून रागात आहे. राग कुठला... मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तोंड उघडलं असतं तर खरं सांगावं लागलं असतं. म्हणून मी नुसती रोवत राहिले. मावशीने थोडी वाट पाहिली, साडी खोचली आणि ती चिखलात उतरली. माझ्या शेजारची ओळ धरून रोवू लागली. ती ओळ संपली, दुसरी धरली. शेवटी मीच कशीबशी म्हणाले, "जा ना मावशी, तुहे साहेब थांबले असतील." "बोलली ना तू? मंग झालं," ती म्हणाली आणि चिखलाच्या पायांनी तशीच परत गेली. साहेबांची गाडी अर्थातच चुकली.

पुढची वर्षं फार चांगली गेली. नाताळच्या करंज्या आमच्याकडे आधी यायच्या, मग तिच्या दिराकडे. मी मात्र तिच्यासमोर बसले की आतून चोरटी असायची. या उन्हाळ्यात ती अंथरुणाला खिळली. एका दुपारी तिचे पाय चेपता चेपता मी सगळं सांगून टाकलं आणि रडले. ती शांतपणे म्हणाली, "मले मालूम होतं."

"कसं?"

"आळ सगळाच खोटा असता, तं तू मान वर करून मले दोन शिव्या घातल्या असत्या. तुनं वर पाहिलं नाही, तवाच समजलं."

"मंग बायांपुढं बोलली काहून नाही?"

"मी माही चूक सांगाले आली होती, तुही नाही. अन् तुले तिथं एकटं कशी सोडू? म्हनून तं चिखलात उतरली."

सध्या पुन्हा रोवणा सुरू आहे. मी रोज सकाळी आधी त्या धुऱ्यावरून एक फेरी मारते. भोक दिसलं की वाकून चिखल लावते. पाणी कोणाच्या बांधीत चाललंय, ते आता बघत नाही.