जिजी म्हशीशी बोलायची

आमची जिजी सासऱ्यांशी आयुष्यात एकदाच बोलली, तरी घरात चालायचं तिचंच. जिजी म्हणजे माझी मोठी जाऊ. कोरीटच्या आमच्या घरात सुनांनी सासऱ्यांशी, म्हणजे आबांशी, थेट बोलायची रीत नव्हती. आबा ओट्यावर बसले की ही डोक्यावरचा पदर पुढे ओढून अंगणातल्या म्हशीजवळ जायची आणि आबांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात तिला सांगायची, "चहापत्ती सरी गयी व बाई." संध्याकाळी चहापत्ती हजर!

मी हसायचे. "जिजी, एवढं बोलतेस तर तोंडावर बोल की." ती म्हणायची, "तोंडावर बोललं तर आबा उठून जातात गं. म्हशीला सांगितलेलं कान देऊन ऐकतात."

एका निवडणुकीत आबांनी मत कुणाला टाकायचं ते घरात जाहीर करून टाकलं. जिजी मत देऊन आली ती थेट म्हशीकडे. "कोनले दिनं, ते तुलेबी नही सांगसू." आबा चिडले की मिशीत हसले, देव जाणे.

मला दुसरीही मुलगीच झाली. पेढा काही घरात आला नाही. त्याच महिन्यात म्हशीला पारडी झाली आणि आबांनी गल्लीभर खरवस वाटला! जिजी म्हशीची पाठ थोपटत म्हणाली, "तुन्ही पोर व्हयनी, ते खरवस. आम्हनी धाकलीनी पोर व्हयनी, ते सुतक!"

त्या बाळंतपणात माझं फार रक्त गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, तिसरं मूल जिवावर बेतेल, ऑपरेशन करून घ्या. आबा म्हणाले, नातू झाल्याशिवाय नाही. आमचे हे खाली मान घालून बसले. मी दाराआड रडत होते. जिजी तरातरा अंगणात गेली, तर म्हैस चरायला गेलेली, खुंटा रिकामा. ती थबकली. मग वळून आबांच्या पुढ्यातच उभी राहिली, पदर डोक्यावर तसाच.

"आबा, ती मरी जाई. दोन पोरीस्नी माय मरी जाई. उद्या मी तिले दवाखानामा लई जास."

आबा उठून गेले नाहीत. सकाळी आम्हा दोघींना एसटीत बसवायला ते स्वतः आले.

मी जगले. मुली मोठ्या झाल्या, शिकायला लागल्या. आणि जिजीने छातीतली गाठ पदराखाली लपवून ठेवली. माझ्यासाठी रीत मोडणाऱ्या बाईने स्वतःसाठी ब्र काढला नाही. आम्हाला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. अजून मला तिचा राग येतो, आणि राग येता येता रडू येतं.

दिवसकार्य आटोपलं, पाहुणे गेले. आबा काठी टेकत अंगणात गेले, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "तुले तरी सांगं व्हतं का व तिनी?"

मी दाराआड होते. पदर सावरला आणि बाहेर आले.

"नही, आबा. तिलेबी नही सांगं."