दोन पिशव्यांचे दाजी

दाजी गावांच्या फेरीवर निघाले की त्यांच्या दोन खांद्यांना दोन पिशव्या असत, आणि त्या दोन पिशव्या एकमेकींना कधी शिवत नसत. डाव्या खांद्याला खाकी, उजव्या खांद्याला काळी. एसटीत गर्दी असली तर खाकी मांडीवर घेत, काळी दोन्ही पायांमध्ये धरून ठेवत. घरी आल्यावर खाकी दाराजवळच्या खुंटीला लागे आणि काळी समोरच्या भिंतीवर, कोनाड्याशेजारच्या खुंटीला. खाकीत जिवंत माणसांचा कॅमेरा होता. काळीत मेलेल्यांचा.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आईवडील गेल्यावर मी जालन्याला, मस्तगडला, आक्काच्या घरी राहायला आले. पुढे शाळेत शिक्षिका झाले तरी तिथेच राहिले. आक्काला मूल नव्हतं. घरात आम्ही तिघंच. दाजींचं दुकान नव्हतं. अंबड, घनसावंगीकडच्या गावांतून ते फिरून फोटो काढत. लग्नं, जावळं, शाळेचे गट, बँकेच्या कागदांना लागणारे छोटे फोटो. आणि मेलेली माणसं.

ऐंशीच्या आसपास त्या गावांतून पुष्कळ माणसांचा जन्मात एकही फोटो निघालेला नसे. माणूस गेला की घरच्यांना एकदम आठवे, की भिंतीला लावायला काहीच नाही. मग कुणीतरी मोटारसायकलवर मस्तगडला येई आणि दारातूनच म्हणे, "दाजी, काळी पिशवी घ्या." यापुढे काही सांगावं लागत नसे. दाजी हातातला घास खाली ठेवून उठत. तिकडे मयताला आंघोळ घालून, पटका बांधून खुर्चीत बसवलेलं असे. मान पडू नये म्हणून मागून फडकं बांधत, आणि दोन्ही बाजूंना घरची माणसं उभी राहत. जाळण्याआधीचा तो एक फोटो.

लग्नघरात मात्र या काळ्या पिशवीची फार धास्ती, म्हणून लग्नाला जाताना दाजी ती घरीच ठेवत. ज्या भिंगातून मढं पाहिलं त्या भिंगातून नवरी पाहिली तर काय होईल, हे बोलून दाखवायचीही कुणाला गरज नव्हती. प्रत्येक मांडवात एखादी म्हातारी दाजींना अडवीच.

"फोटूवाल्या, हा त्यो डबा न्हाई ना रे?"

"न्हाई मावशी. त्यो घरी टांगून आलो."

"आन घे."

"नवरीची घेऊ का तुमची?"

"माझी घेऊन काय करतो मेल्या, मी तर चाललेच. नवरीची घे!"

मांडव हसे. दाजी मात्र गळ्याला हात लावून खरोखर शपथ घेत. आणि ती पाळत. एकदा ऐन लग्नात खाकीतला कॅमेरा अडकला, भिंगामागचा पडदाच उघडेना, तेव्हा नवरदेवाच्या घरच्यांची बोलणी खाऊन ते परत आले होते. पण घरून काळी पिशवी आणून काम भागवलं नाही.

लोकांची भीती ती लोकांची. दाजींचं स्वतःचं कारण वेगळं होतं. खाकीतला कॅमेरा डोळ्याला लावायचा, छोट्या रोलचा. काळीतला जुना, एकावर एक दोन भिंगांचा, पोटाशी धरायचा. वरचं झाकण उघडून खाली काचेत बघायचं, तेव्हा आत समोरचं चित्र दिसे. "जित्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवावा," दाजी म्हणत. "मेल्याफुडं मान खाली पाहिजे. ह्या कॅमेऱ्यात मान खाली घातल्याबिगर काही दिसतच न्हाई."

त्या कॅमेऱ्यात ते नेहमी काळा-पांढराच रोल घालत. पुढे रंगीत फोटो गावोगाव पोचले, तरी यात बदल झाला नाही. एमआयडीसीतल्या लोखंडाच्या गिरणीत कामाला असलेला एक मुलगा बापाच्या फोटोसाठी त्यांना न्यायला आला होता. तो दारातच हटून बसला, की रंगीतच पाहिजे, जमाना कुठं गेला, तुम्ही कुठं राह्यले. दाजींनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बापाचे ओठ बघितले का? काळेनिळे पडले असतील आता. ते रोज भिंतीवर बघशील?" मुलगा दारातून बाजूला झाला. दाजी चप्पल घालत म्हणाले, "रंगीत फोटोत माणूस मेलेला दिसतो, बाबा. काळ्या-पांढऱ्यात निजलेला दिसतो."

फ्लॅशही ते मयतासमोर उडवत नसत. निजलेल्याच्या तोंडावर चापट मारल्यासारखं वाटतं म्हणत. अंगणात खुर्ची आणायला लावत, दोघांना पांढरं धोतर ताणून धरायला सांगत, आणि धोतरावरून येणाऱ्या उजेडात पडदा बराच वेळ उघडा ठेवत. मेलेला माणूस हलत नाही, त्याला कितीही वेळ चाले. पण बाजूला उभे असलेले रडत, हुंदके देत, नाक पुसत. त्यामुळे त्या फोटोंची एक तऱ्हाच झाली होती. दोरीवर वाळत घातलेले फोटो मी शाळेतून आल्यावर बघत असे. मधोमध मेलेला माणूस, मिशीचा केस न् केस दिसणारा. आणि भोवतीची जिवंत माणसं धुरासारखी पुसट.

सगळ्यात अवघड काम डोळ्यांचं. मयताचे डोळे मिटलेले, आणि पुष्कळांना भिंतीवर उघड्या डोळ्यांचा माणूस हवा असे. मग दाजी छापलेल्या फोटोवर बारीक कुंचल्याने डोळे काढत. त्यासाठी निघण्यापूर्वी ते घरच्यांना विचारून घेत, डोळे कसे होते? या प्रश्नाला उत्तर फार थोड्यांना देता येई. "काळेच की." "चांगले होते." एका म्हातारीने तर सांगितलं, "मी तोंड वर करून कवा बघितलंच न्हाई त्यांच्याकडं. धाकल्या दिराला इचारा." अशा वेळी दाजी भावाचे, मुलाचे डोळे नीट बघून घेत. तेही नसले तर घरी येऊन दाढीचा आरसा समोर ठेवत आणि स्वतःचे डोळे काढून देत.

आक्काला हे ठाऊक होतं. ती फोटो धुवायला मदत करी, आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. ती म्हणे, "अर्ध्या अंबड तालुक्यात भिंतीवरून तुम्हीच बघून राह्यले. एखाद्या बाईला कळलं तर नवऱ्याच्या फोटोवर पदर टाकील."

आक्काचे स्वतःचे फोटो म्हणजे रोलची शेपटं. लग्नाचं काम उरकून आलं की खाकीतल्या कॅमेऱ्यात शेवटची एक-दोन चित्रं उरत. "रोल संपवायचाय, बस गं जरा," म्हणून दाजी तिला चुलीपुढे, धुण्यापुढे जिथे असेल तिथे टिपत. रोलच्या टोकाला उजेड लागलेला असे. म्हणून आक्का प्रत्येक फोटोत अर्धी, आणि उरलेल्या अर्ध्यात नारिंगी जाळ. ती हसून म्हणे, मला तुम्ही रोज पेटवता.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. औरंगाबादला मोठ्या दवाखान्यात पोट उघडलं आणि काही न करता पुन्हा शिवलं. डॉक्टरांनी दाजींना बाजूला घेऊन, घरी न्या, खायला आवडेल ते द्या, असं सांगितलं. दाजींनी आक्काला सांगितलं, की औषध बदललंय.

एका दुपारी दाजी कुणा पाटलाचे डोळे काढत बसले होते. आक्का अंथरुणावरून पाहत होती. बराच वेळ पाहून म्हणाली, "मला असले डोळे काढू नका."

"तुला काय झालंय?"

"मला काय झालंय ते तुम्हाला बराबर माहीत हाय. माझे उघडे हायेत तवर फोटो घ्या. त्या कॅमेऱ्यानं. मला तुमच्या कुंचल्याचे डोळे घेऊन भिंतीवर बसायचं न्हाई."

"खाकीतल्यानं काढतो की. आत्ता काढतो. नवा रोल घालून."

"त्यात मी हळदीवानी पिवळी दिसते. मला त्यो पाहिजे. भिंतीवर लावायचा."

दाजींचा कुंचला थांबला. "त्यो जित्या माणसासाठी न्हाई," एवढंच म्हणून ते बाहेर निघून गेले.

त्यानंतर त्यांनी वेड्यासारखे खाकीतल्या कॅमेऱ्याने तिचे रंगीत फोटो काढायला सुरुवात केली. आता शेपूट नाही, अख्खे रोल. आक्का भिंतीकडे तोंड फिरवून घेई. तिला एकच हवं होतं, आणि ते दिलं म्हणजे ती जाणार हे कबूल केलं असं होणार होतं. दाजींना ते कबूल करायचं नव्हतं. आक्काचा चेहरा मात्र दिवसागणिक आटत चालला होता. दोघांपैकी कोण आधी थकेल ते मला कळत नव्हतं.

एकदा मी शाळेतून आले तर आक्का अंथरुणावर नव्हती. समोरच्या भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली होती, धापा टाकत. भिंतीला धरून धरून ती सगळी खोली चालून गेली असावी. तिच्या डोक्यावर कोनाड्याशेजारच्या खुंटीला दोन्ही पिशव्या लटकत होत्या. काळी आणि तिच्यावर खाकी, एकमेकींना चिकटून.

मी पुढे झाले तशी म्हणाली, "हात लावू नको. मी केलंय ते."

दाजी आले. दारातली रिकामी खुंटी त्यांनी पाहिली, मग समोरची. त्यांचा चेहरा उतरला. "हे काय केलंस गं?"

"शिवाशिव झाली," आक्का म्हणाली. "आता लग्नाला कुठला नेता? दोन्ही एकच झाले. आता तरी घ्या."

दाजी उंबऱ्यावर बसले. पायातल्या चपला काढून बाजूला लावल्या. मग उठले आणि काळी पिशवी खाली काढली.

आम्ही तिला मागच्या अंगणात खुर्चीत बसवलं. मी पांढरं धोतर ताणून धरलं. एक टोक माझ्या हातात, दुसरं धुण्याच्या दोरीला. आक्काने केसांवरून हात फिरवला, पदर सारखा केला. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी डोकावून आत गेलं. दाजींनी कॅमेऱ्याचं झाकण उघडलं, पोटाशी धरला, मान खाली घातली. ती वर येईचना.

"मान वर करा," आक्का म्हणाली.

"मंग मला दिसंल कसं?"

"तुम्हाला नाही दिसलं तर नाही दिसलं. मला तुमचं तोंड दिसना."

दाजींनी काचेत शेवटचं एकदा पाहून घेतलं. मग मान वर केली. तसे कॅमेऱ्यामागून समोरच्याकडे बघताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"हालू नको."

"न्हाई हालत. तुम्ही रडू नका."

पडद्याचा बारीकसा आवाज झाला, आणि बऱ्याच वेळाने मिटल्याचा दुसरा. त्या रोलवर तेवढं एकच चित्र घेऊन दाजींनी तो रोल काढून ठेवला.

आक्का गेली तेव्हा गल्लीतले लोक दाजींकडे बघत थांबले, की आता हे काळी पिशवी काढतील. त्यांनी काढली नाही. "हिचा घेतलाय," म्हणाले आणि तिरडीच्या कामाला लागले.

दहाव्याला आलेल्या बायका दबक्या आवाजात बोलत होत्या. ते मी चुलीपाशी बसून ऐकलं. "जित्या बाईला मढ्याचा डबा लावला म्हणं. मंग काय व्हईल?" गच्चीवरून पाहिलेलं गावोगाव पोचायला वेळ लागला नाही. त्या साली लग्नसराईत दाजींना एकही सांगावा आला नाही. पुढच्या सालीही नाही. मी चिडून म्हटलं, "तुम्ही लोकांना सांगत का नाही? फोटोच्या आधीच डॉक्टरांनी हात टेकले होते."

"काय सांगू? इतकी वर्षं मांडवात आन घेऊन राह्यलो, का त्यो कॅमेरा जित्यावर धरणार न्हाई. मोडलीच ना आन? मंग त्यांचं काय चुकलं?"

उरली फक्त काळी पिशवी. तीही हळूहळू हलकी झाली. काळे-पांढरे रोल मिळेनासे झाले, घरोघर जिवंतपणीचे फोटो झाले, मग मोबाइल आले. कुणी मोटारसायकलवर दाराशी येईना. दाजी दर रविवारी कॅमेऱ्याची भिंगं पुसून परत ठेवत. दोन्ही पिशव्या त्यांनी एकाच खुंटीला तशाच राहू दिल्या होत्या.

दाजी गेले तेव्हा त्यांच्या पुतण्याने खोलीतच मोबाइल वर धरला. मी त्याला थांबवलं. दाजींना अंगणात आणायला लावलं आणि धोतर ताणून धरलं. त्यांच्या फोटोवर डोळे काढायला कुणी नव्हतं. तशी गरजही नाही. दाजींचे डोळे बघायचे तर अंबडकडच्या कितीतरी घरांत ते अजून भिंतीवर आहेत, दुसऱ्यांच्या चेहऱ्यांत.

आक्काचा फोटो माझ्या खोलीत आहे. येणारे-जाणारे विचारतात, या कुठं बघताहेत? कारण भिंतीवरची माणसं आपल्याकडे बघतात आणि आक्का बघत नाही. ती भिंगाच्या जरा वर बघते. आणि फोटो थोडा पुसट आहे.

तो धुतला त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. तेरावा होऊन गेला होता. दाजींनी मोरीचं दार लावून रोल धुतला, कागदावर छापला आणि ओला फोटो ताटलीतच घेऊन उजेडात आले. मीही वाकून पाहिलं. आक्काच्या कडा विरघळल्या होत्या. गालापाशी, पदरापाशी, हातापाशी. मला वाटलं, दाजी आता कुंचला घेतील, किंवा टाकून देतील. असा फोटो त्यांनी कधी कुणाला दिला नव्हता. त्यांनी ताटली मांडीवर ठेवली. पाणी हलायचं थांबेपर्यंत बघत राहिले.

"हालू नको म्हणलं होतं," ते म्हणाले.

मी ताटली घ्यायला हात पुढे केला, पण त्यांनी ती दिली नाही.

"ह्या कॅमेऱ्याफुडं खुर्चीत इतके बसले," दाजी म्हणाले. "हालली ही एकटीच."